गुणवंतांच्या मंडळात कुणाला घ्यायचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



डिसेंबर-जानेवारी आला की आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या शाळांमध्ये स्नेहसंमेलनांचे मांडव पडतात. घाटावर चिखली-मेहकरकडे जा, नाहीतर घाटाखाली खामगाव-मलकापूरकडे, कार्यक्रमपत्रिका साधारण सारखीच असते. स्वागतगीत होतं, पाहुण्यांचं भाषण होतं, नाच-नाटुकल्या होतात आणि मग बक्षीस वितरणात 'आदर्श विद्यार्थी' व 'आदर्श विद्यार्थिनी' यांची नावं पुकारली जातात. टाळ्या पडतात. काही शाळांमध्ये आता गुणवंत विद्यार्थ्यांचं मंडळही असतं. त्यात निवड झालेल्या मुलांच्या छातीवर बिल्ला लागतो, प्रार्थनेच्या वेळी ती मुलं पुढे उभी राहतात. मागच्या रांगेतल्या एखाद्या पोराला विचारा, "का रे, याचंच नाव का आलं?" तो म्हणतो, "सरांनी ठरवलं." कशावरून ठरवलं, हे त्याला ठाऊक नसतं.

तीस वर्षांहून अधिक काळ मी माध्यमिक शाळेत शिकवलं. बक्षिसाच्या अशा बऱ्याच बैठकांना बसले. मान कुणाला द्यायचा यावर आपण तासन् तास बोलतो. तो कोणत्या नियमानं द्यायचा, यावर मात्र फारसं बोलत नाही. आज त्याविषयी बोलायचं आहे.

सगळ्यांत सोपा नियम म्हणजे गुण. ज्याला जास्त टक्के, तो गुणवंत. आपल्या राज्यात दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्या लागत, ते दिवस अनेकांना आठवत असतील. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पेढा भरवतानाचे फोटो यायचे. अमरावती विभागाच्या यादीत आपल्या जिल्ह्यातलं कुणी आहे का, हे आम्ही बोटानं शोधायचो. एकेका गुणासाठी चाललेली ती जीवघेणी स्पर्धा पाहून या याद्या पुढे बंद करण्यात आल्या. याद्या गेल्या, पण 'गुणवंत म्हणजे गुणपत्रिका' हे समीकरण काही आपल्या मनातून गेलं नाही.

या समीकरणाच्या बाजूनंही बोलण्यासारखं आहे, ते आधी सांगते. गुण डोळ्यांना दिसतात. संस्थाचालकांचा पुतण्या असो की सालदाराचा मुलगा, नव्वद ते नव्वदच. तिथं वशिला लावायला जागा कमी. महाविद्यालयांच्या बाबतीत आपल्या राज्यानं हाच विचार केला होता. निवडणुकांमधला पैसा आणि हाणामाऱ्या टाळायच्या, म्हणून १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं विद्यार्थी परिषदेवर प्रत्येक वर्गातून आदल्या वर्षीच्या परीक्षेत गुणवत्ता दाखवणारा विद्यार्थी नेमण्याची पद्धत आणली. खेळ, राष्ट्रीय छात्रसेना, राष्ट्रीय सेवा योजना, सांस्कृतिक कार्य यांतले प्रतिनिधी आणि दोन विद्यार्थिनी प्राचार्य नेमत. पण परीक्षेत पहिला आलेला मुलगा वर्गाचं गाऱ्हाणं मांडायलाही पहिला असेलच, असं थोडंच आहे? २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद पुन्हा आली, ती उगाच नाही.

अमेरिकेतल्या शाळांमध्ये 'नॅशनल ऑनर सोसायटी' नावाचं गुणवंत विद्यार्थ्यांचं मंडळ असतं. आपल्याकडच्या ज्यांची नातवंडं तिकडे शिकतात, त्यांनी हे नाव फोनवर ऐकलं असेल. तिथल्या मुख्याध्यापकांच्या संघटनेनं १९२१ साली ते सुरू केलं. शाळेशाळेतून त्याच्या शाखा आहेत. नुसत्या गुणांवर तिथं प्रवेश नाही. विद्वत्ता, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य असे चार खांब मानले आहेत. गुणांची किमान अट साधारण पंच्याऐंशी टक्क्यांची असते, एखादी शाळा ती वाढवूही शकते. पण ती अट म्हणजे केवळ उंबरठा. तो ओलांडल्यावर बाकीच्या तीन गोष्टी पाहतात. निवड पाच शिक्षकांची समिती बहुमतानं करते. मुख्याध्यापक त्या समितीत बसत नाहीत. कुणाला मंडळातून काढायचं झालं, तर आधी लेखी कारण द्यावं लागतं, त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. तरीही निर्णय पटला नाही, तर दाद मागायला मुख्याध्यापकांचं दार उघडं असतं. ते समितीत नसण्याचा हा एक फायदा.

ऐकायला किती नीटनेटकं वाटतं! पण दुरून डोंगर साजरे. या चार खांबांमधला चौथा, चारित्र्याचा खांब तिथंही डळमळला. १९९८ साली केंटकी राज्यातल्या एका शाळेनं दोन मुलींना या मंडळात घेतलं नाही. त्यांचे गुण पुरेसे होते. पण एक मुलगी गरोदर होती आणि दुसरी आई झाली होती. शाळेचं म्हणणं, आम्ही गरोदरपण पाहिलं नाही, वर्तन पाहिलं. प्रकरण न्यायालयात गेलं. मुलांना असा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, दिसून येत होतं ते फक्त मुलींचं. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यायालयानं त्या दोघींना मंडळात घेण्याचा अंतरिम आदेश दिला.

श्रोतेहो, ही गोष्ट सातासमुद्रापलीकडची आहे, पण आपल्या ओळखीची नाही का? आपल्याकडे 'चारित्र्य' हा शब्द मुलाच्या बाबतीत उच्चारला, तर तो खोटं बोलतो का, कॉपी करतो का, असं मनात येतं. मुलीच्या बाबतीत उच्चारला, की ती कुणाशी बोलते, कशी हसते, कुठल्या रस्त्यानं येते, इथपर्यंत चौकशी जाते.

एका शाळेतल्या बैठकीची गोष्ट सांगते. गावाचं आणि शाळेचं नाव घेत नाही. नववीतल्या एका मुलीचं नाव आदर्श विद्यार्थिनी म्हणून पुढे आलं. वर्गात दुसरी-तिसरी असायची. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी आईबरोबर शेतात, मग शाळेत. शाळेच्या पोषण आहाराच्या वेळी लहान मुलांना रांगेत बसवण्याचं काम ती न सांगता करायची. बैठकीत एक जण म्हणाले, "पोरगी हुशार आहे, पण गावात बोलतात." मी विचारलं, "काय बोलतात?" कुणालाच सांगता आलं नाही. कुणी काही पाहिलं नव्हतं. मी पुन्हा विचारलं, भांडले म्हणा हवं तर. पण मत मोजलं तर मी एकटी. नाव कटलं. त्या मुलीला यातलं काहीच कधी कळलं नाही. आपलं नाव पुढे आलं होतं हेही नाही आणि ते का मागे पडलं हेही नाही. जो आरोप सांगितलाच नाही, त्याला उत्तर कसं देणार?

म्हणून माझं म्हणणं असं, की चारित्र्य मोजायचं असेल, तर ते नेमक्या, पाहिलेल्या कृतीवर मोजा. परीक्षेत कॉपी केली, कुणाला मारलं, जमा केलेली वर्गणी परत केली नाही, या गोष्टी तारखेसह लिहिता येतात. 'गावात बोलतात' हे लिहिता येत नाही. जे लिहिता येत नाही, ते नियमात बसत नाही.

दुसरा खांब सेवेचा. सेवा मोजायची कशी, याचे चांगले दाखले आपल्या घरातच आहेत. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांमध्ये सुमारे चाळीस हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. पुढे ती अकरावी-बारावीपर्यंत आली. तिचा नियम सरळ आहे. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं एक शिबिर. कुणाच्या बापाचं नाव काय, हे त्यात येत नाही. स्काउट-गाइडचंही तसंच. भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था १९५० साली स्थापन झाली. तिथं दार सर्वांना उघडं. आधी प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. पायऱ्या आधीपासून ठरलेल्या. दोरीला गाठ मारता आली की आली, प्रथमोपचार जमला की जमला. मागे राहिलेल्या मुलालाही ठाऊक असतं, की आपलं काय राहिलं आहे आणि पुढच्या वर्षी काय करायचं आहे. आमच्या शेगावला संस्थानात सेवेकरी पाळीपाळीनं येऊन सेवा देतात. झाडू हातात घेणाऱ्याला तिथं कुणी गुणपत्रिका विचारत नाही.

पण सेवेच्या नियमातही एक मेख आहे. शाळा सुटल्यावर थांबून वृक्षारोपण करायला, रविवारी प्रभातफेरीला यायला ज्याला वेळ आहे, त्याचीच सेवा आपण मोजतो. घरी जाऊन हंडे भरायचे, धाकट्या भावंडाला सांभाळायचं, म्हशीची धार काढायची, हे ज्या मुलीच्या वाट्याला आहे, ती 'शाळेच्या उपक्रमात भाग घेत नाही' अशी नोंद होते. दिवसभर दुसऱ्यांसाठी राबणारी पोर आपल्या कागदावर सेवेत शून्य ठरते.

हजेरीचंही तेच. हजेरीची अट हवीच, त्याविषयी वाद नाही. पण दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले, मूल आजीजवळ राहिलं किंवा बरोबर गेलं, त्याची हजेरी आणि बसस्थानकाजवळ घर असलेल्या मुलाची हजेरी एका मापानं कशी मोजायची? अशा मुलांसाठी शासनानं हंगामी वसतिगृहं काढली, कारण ही गैरहजेरी मुलाच्या आळसाची नाही, हे शासनालाही पटलं होतं.

परिस्थिती नियमात धरता येते, याचा नमुनाही जिल्ह्यातच आहे. शेगावला जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीच्या प्रवेशाला परीक्षा एकच, पण किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आणि एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात. ग्रामीण म्हणजे कोण, हेही मोघम ठेवलेलं नाही. तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत काढलेली हवीत. नियम कडक आहे, पण तो आधी छापलेला आहे.

मग आपल्या शाळेत गुणवंतांचं मंडळ करायचं, तर नियम कसे असावेत? मला सुचतं ते सांगते.

पहिलं, नियम वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करावेत. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याच आठवड्यात ते फळ्यावर लिहावेत आणि पालकसभेत वाचून दाखवावेत. जानेवारीत मान आणि जानेवारीतच नियम, असं नको.

दुसरं, गुणांची अट उंबरठ्याएवढीच ठेवावी. साठ टक्के म्हणा, पासष्ट म्हणा. आणि गेल्या वर्षापेक्षा ज्यानं दहा-पंधरा टक्क्यांनी प्रगती केली, त्यालाही तो उंबरठा ओलांडू द्यावा.

तिसरं, सेवेच्या तासांत घरचं आणि शेतातलं कामही धरावं. मुलानं ते स्वतः वहीत लिहावं, वर्गशिक्षकांनी पालकांना विचारून सही करावी. मात्र एक काळजी घ्यावी. मुलांच्या राबण्याचं आपण कौतुक करत बसलो, असं होऊ नये. ज्या मुलीच्या वहीत असे तास फार दिसतील, तिच्या घरी शिक्षकांनी आधी जाऊन यावं. कदाचित तिला बिल्ल्याआधी अभ्यासाला वेळ मिळवून देण्याची गरज असेल.

चौथं, निवड तीन किंवा पाच शिक्षकांनी करावी आणि त्यांत निदान एक-दोन शिक्षिका असाव्यात. मुख्याध्यापक बाहेर राहावेत, म्हणजे तक्रार ऐकायला कुणीतरी उरेल. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनीही बाहेरच राहावं.

पाचवं, ज्याचं नाव राहिलं त्याला बोलावून कारण सांगावं, तेही सगळ्यांसमोर नव्हे. कारण सांगता येत नसेल, तर ते कारणच नव्हे.

कुणी म्हणेल, बाई, एका बिल्ल्यासाठी एवढा खटाटोप? शिक्षकांच्या मागे आधीच शंभर कामं आहेत. खरं आहे. निवडणूक, जनगणना, माहितीचे तक्ते, सगळं त्यांच्याच माथी. पण हे पाच नियम कागदाच्या एका पानात बसतात. आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला न्याय म्हणजे काय, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून जेवढं कळतं, त्याहून अधिक शाळेनं त्याच्याशी कसा व्यवहार केला यातून कळतं. पुढे हीच मुलं ग्रामसभेत बसणार आहेत, घरकुलाच्या याद्या करणार आहेत, कुणाचं नाव घालायचं आणि कुणाचं गाळायचं, हे ठरवणार आहेत. 'साहेबांनी ठरवलं' यावर गप्प बसायचं की 'कशावरून ठरवलं' असं विचारायचं, हे ती आज आपल्याकडूनच शिकत आहेत.

तेव्हा पालकांना माझी एवढीच विनंती आहे. यंदा शाळा उघडल्यावर पालकसभेला जाल, तेव्हा गणवेश आणि फीबरोबर आणखी एक प्रश्न विचारा. आदर्श विद्यार्थी निवडण्याचे नियम कुठे लिहिले आहेत? आणि शिक्षकमित्रांनो, तुम्हाला तो प्रश्न कुणी विचारण्याआधीच पाटी लावून ठेवा.