आभाळ शेवटच्या धड्यात का?

पेण व रोहा या दोन तालुक्यांतून सकाळची शाळा आटोपून इथे आलेल्या विज्ञान आणि भूगोल शिक्षक बंधुभगिनींनो,

या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून थेट विषयाला येतो. सहावी ते आठवीच्या मुलांना पृथ्वी आणि आभाळ हाताने शिकवता येते, आणि त्यासाठी पेण-रोह्यासारखी जागा शोधूनही सापडायची नाही. साहित्य कमी पडते असे मला वाटत नाही. आपले वेळापत्रक चुकले आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

सामान्य विज्ञानाची पुस्तके उघडून पाहा. 2016 पासून एकेका इयत्तेला आलेल्या मालिकेत सहावीला 'विश्वाचे अंतरंग', सातवीला 'तारकांच्या दुनियेत', आठवीला 'ताऱ्यांची जीवनयात्रा' हे धडे आहेत. तिन्ही वर्षी आभाळ शेवटच्या धड्यात. शेवटचा धडा आपण कधी घेतो, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. उजळणी आणि परीक्षा यांच्या फटीत, फळ्यावर दोन आकृत्या काढून. खडक, नद्या, वारे, भरती-ओहोटी हे सारे भूगोलात गेले. भूगोल बसला इतिहासाशेजारी, त्यामुळे त्याला ना प्रयोगशाळा, ना प्रात्यक्षिकाची तासिका. ज्या विषयाचे साहित्य शाळेच्या फाटकाबाहेर पसरलेले आहे, तोच विषय आपण बाकावर बसवून शिकवतो.

आता आभाळाचे वेळापत्रक बघू. शून्य सावलीचा दिवस अलीकडे फार लोकप्रिय झाला आहे. आपल्याकडे तो वर्षातून दोनदा येतो, 14 मेच्या आसपास आणि जुलैच्या अखेरीस. मे महिन्यात शाळेला कुलूप असते. जुलैअखेर आभाळ दिवसचे दिवस उघडत नाही. म्हणजे दोन्ही दिवस शाळेच्या कामाचे नाहीत. मे महिन्याचा दिवस सुट्टीचा अभ्यास म्हणून जरूर द्यावा. अंगणात सरळ उभी बाटली ठेवायची आणि सावली बुडाखाली जाते ती वेळ टिपायची, इतके सातवीतले कुठलेही मूल करू शकते. पण शाळेचा खरा प्रयोग डिसेंबरातला. आभाळ स्वच्छ, ऊन सोसवणारे, सावली लांब आणि मोजायला सोपी.

या प्रयोगाची पहिली पायरी म्हणून मुलांना विचारा, सूर्य डोक्यावर सर्वांत वर कधी येतो. सगळी एका सुरात 'बारा वाजता' म्हणतील. त्यांना काठी रोवून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करू द्या. सर्वांत आखूड सावली 22 डिसेंबरच्या सुमारास 12.36 ला मिळेल, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12.21 ला, फेब्रुवारीच्या मध्यावर 12.52 ला. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आपण त्र्याहत्तरच्या थोडे पुढे. ते अंतर कापायला सूर्याला साधारण 38 मिनिटे लागतात. उरलेला फरक पृथ्वीच्या कललेल्या आसाचा आणि लंबवर्तुळाकार कक्षेचा. रेखांश, प्रमाणवेळ, आस, कक्षा असे चार धडे खडूच्या एका रेघेतून निघतात, आणि घड्याळ व सूर्य यांचे पटत नाही हे मुलाला स्वतःला सापडलेले असते. ते सापडणे फार मोलाचे आहे. त्याच्या आधी उत्तर सांगून टाकू नका, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

दुसरी पायरी मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती पेण आणि रोहा यांनी मिळूनच करता येते. नकाशावर पाहा. ही दोन्ही गावे जवळपास एकाच रेखांशावर आहेत. पेणहून सरळ दक्षिणेला निघाले की सुमारे 33 किलोमीटरवर रोहा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनीसने इजिप्तमधली दोन गावे घेऊन पृथ्वीचा परीघ काढला, तेव्हा ती एकाच रेखांशावर आहेत असे त्याला गृहीत धरावे लागले होते. आपली दोन गावे त्याहून चांगली जुळतात. अक्षांशांत फरक सुमारे 0.3 अंशाचा. 360 भागिले 0.3 गुणिले 33, म्हणजे 40 हजार किलोमीटरच्या अगदी जवळ.

कागदावर हे सोपे दिसते, मैदानावर नाही. 22 डिसेंबरला एक मीटर काठीची मध्यान्हसावली पेणला सुमारे 90.6 सेंटिमीटर पडेल, रोह्याला 89.7. फरक जेमतेम 9 मिलिमीटर. आणि सूर्य हा ठिपका नसून अर्ध्या अंशाची तबकडी असल्यामुळे सावलीची कडा दीड सेंटिमीटरहून जास्त धूसर असते. दोन मिलिमीटर चुकले की पृथ्वी 33 हजार किलोमीटरची होते किंवा 51 हजारांची. अनेक शिक्षक इथे हात टेकतात. मला वाटते, विज्ञान खरे इथून सुरू होते. काठीच्या टोकाला पुठ्ठा लावा, त्याला पाच मिलिमीटरचे भोक पाडा. जमिनीवर सूर्याची लहानशी लांबट प्रतिमा पडेल, तिचा मध्य धूसर कडेपेक्षा पुष्कळ अचूक टिपता येतो. काठी ओळंब्याने उभी करा, जमीन पाणसळीने तपासा; गवंडीकाम करणाऱ्या पालकाला बोलवा, तो हे आपल्यापेक्षा चांगले शिकवील. मग दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्या शाळांच्या नोंदी एकत्र करा. एका शाळेचे उत्तर फसेल, पण शाळा वाढतील तशी सरासरी सुधारत जाईल. ती सुधारताना पाहिलेल्या मुलाला चूक म्हणजे काय, अचूकता म्हणजे काय, आणि दुसऱ्याची नोंद आपल्याला का लागते, हे पुन्हा समजावावे लागणार नाही.

पेणच्या खारेपाटातल्या मुलांकडे वळतो. ज्यांच्या घरात उधाण, भांग, खांड, उघाडी हे शब्द रोज बोलले जातात, त्या मुलांना आपण भरती-ओहोटी पुस्तकातल्या रंगीत चित्रावरून शिकवतो, याचे मला दुःख होते. तिथीला पाऊणपट केले की भरतीचा तास निघतो, असा दर्यावर्दींचा हिशेब आहे. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. मुलांना तो घरच्या आजोबांकडून लिहून आणायला सांगा आणि मग तपासायला लावा. पाऊणपटीने भरती रोज 45 मिनिटे पुढे जाते. चंद्राच्या गतीने ती सरासरी सुमारे 50 मिनिटे पुढे जायला हवी. हे पाच मिनिटांचे अंतर पंधरवड्यात कुठे जाते, हा सातवीच्या मुलाला झेपणारा आणि त्याला झोपू न देणारा प्रश्न आहे. शिवाय धरमतर खाडीच्या तोंडाशी आलेली भरती आत अंतोऱ्याकडे पोचायला वेळ घेते. बांधाच्या खाडीकडील बाजूला, मोठ्या माणसाच्या सोबतीने, एक रंगवलेली पट्टी रोवून तो उशीर मोजता येतो. आजोबांचा हिशेब इथे खोटा ठरत नाही. तो किती अचूक आहे हे ठरते, आणि घरातल्या ज्ञानाला इतका मान शाळेत एरवी क्वचित मिळतो.

पेण शहर, हमरापूर, जोहे इथल्या मुलांच्या हातांना गणपतीच्या मूर्तींची शाडू ठाऊक आहे. ती माती गुजरातमधून येते हे त्यांना माहीत असते. ती इथे का मिळत नाही, हे कुणी विचारलेले नसते. उत्तर पायाखाली आहे. आपण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्यावर, काळ्या कातळावर उभे आहोत. त्याचा मुरूम होतो, माती होते, पण तशी पांढरट चिवट माती त्यातून सहज निघत नाही. एका उभ्या बरणीत शाडू, दुसरीत शेतातली माती, तिसरीत नदीची वाळू घालून पाणी भरा, हलवा आणि ठेवून द्या. वाळू बोलता बोलता बसते, शाडूचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ असते. कणाचा आकार आणि खाली बसण्याचा वेग यांचे नाते समोर उभे राहते, आणि नदी मुखाशी चिखल का टाकते हेही कळते. प्लास्टर ऑफ पॅरिसचा वाद मुले घरी ऐकतातच, तर त्याचेही विज्ञान सांगा. जिप्सम हे खनिज तापवले की त्यातले बरेचसे पाणी निघून जाते, उरलेल्या भुकटीत पाणी घातले की ती गरम होत पुन्हा दगड बनते. ती ऊब मुलांनी वाटी हातात धरून अनुभवावी. मूर्तींच्या कारखान्यातल्या पोराला तेव्हा वर्गात सर्वांत जास्त माहीत असते, आणि त्या दिवशी शिक्षकाने बाजूला बसावे.

रोह्याच्या मित्रांनी कुंडलिका नदी घ्यावी. भिऱ्याचे वीजकेंद्र 1927 सालचे. मुळशीत अडवलेले पाणी बोगद्यांतून आणि नळांतून घाट उतरून तिथे येते, जनित्रे फिरवते आणि कुंडलिकेत सुटते. जे पाणी मुळा, भीमा, कृष्णा या वाटेने बंगालच्या उपसागराला गेले असते, ते रोह्यावरून अरबी समुद्राला जाते. पाणलोटाची रेषा मुलांनी नकाशावर स्वतः काढावी आणि माणसाने ती कुठे ओलांडली ते लाल पेन्सिलीने दाखवावे. मुळशीच्या शेतकऱ्यांनी 1921 मध्ये केलेला सत्याग्रहही त्याच तासात सांगावा. भूगोल, विज्ञान आणि इतिहास एका नदीत असतील, तर आपण त्यांना तीन कपाटांत का ठेवतो?

याच भिऱ्याला 2017 च्या मार्चअखेरीस 46.5 अंश तापमान नोंदले गेले. देशभर बातमी झाली, आकड्याविषयी शंकाही घेतल्या गेल्या. एकच तापमापक पत्र्याखाली, भिंतीवर, झाडाच्या सावलीत आणि हवा खेळणाऱ्या लाकडी पेटीत धरून मुलांनी फरक लिहावा. बातमीतल्या आकड्याला 'कुठे आणि कसा मोजला?' असे विचारणारा नागरिक इथे घडतो.

आता ज्याबद्दल आपण घाईने बोलू नये असा भाग. जुलै 2021 मध्ये महाड तालुक्यात तळीये, जुलै 2023 मध्ये खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. आपल्याच जिल्ह्यातल्या वस्त्या रात्रीत किंवा भर पावसात दरडीखाली गेल्या. डोंगरपायथ्याची ठाकर आणि कातकरी मुले आपल्या वर्गांत बसतात. त्यांच्यासाठी पर्जन्यमापक ही खेळाची वस्तू नाही. सरळ भिंतीची बाटली, वर नरसाळे, बाजूला पट्टी एवढेच साहित्य लागते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे एकदा समजले की डोंगरावर किती भार चढतो हे मूल स्वतः काढते. पत्र्याच्या ट्रेमध्ये मुरुमावर माती पसरा, उतार द्या, झारीने पाणी घाला, कोणत्या कोनाला आणि किती पाण्याला माती सुटते ते पाहा. आणि मग स्पष्ट सांगा की उतारावर नवी भेग दिसली, झाडे वा खांब कलले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर मोठ्यांना सांगायचे आणि ऐकेपर्यंत सांगत राहायचे. हा धडा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात झालाच पाहिजे. पुस्तकात तो कितव्या पानावर आहे हे पाहू नका.

आपल्या शेजारी अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे, हे किती मुलांना ठाऊक आहे? मुंबईत विजेवरच्या ट्रामा येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय काम 1904 साली तिथे हलवण्यात आले. पृथ्वीच्या चुंबकत्वाची 1840 च्या दशकापासूनची सलग नोंद या दोन ठिकाणांनी मिळून जपली आहे. सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावरून आलेले प्रचंड चुंबकीय वादळ कुलाब्याच्या उपकरणांनी टिपले होते, आणि आजही जगभरचे अभ्यासक ती नोंद वापरतात. शाळेत विणकामाची सुई आधी दोऱ्याने मधोमध तोलून टांगा, मग चुंबकावर एकाच दिशेने घासून पुन्हा टांगा. उत्तरेचे टोक खाली झुकेल. पृथ्वीच्या पोटातून येणारी ही ओढ दाखवायला दहा रुपये पुरतात.

कोकणातल्या दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशाने शिक्षक होते. शाळेची नोकरी सांभाळून त्यांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ सिद्ध केला, तो 1896 मध्ये प्रसिद्ध झाला. आपली परंपरा ही आहे. आभाळ हे शिक्षकाचे काम आहे, असे मानणाऱ्यांची.

म्हणून या संमेलनापुढे माझी सूचना अशी. दोन्ही तालुक्यांच्या शाळांनी आभाळाचा शेवटचा धडा डिसेंबरात घ्यावा, दरडीचा आणि पावसाचा जूनमध्ये, भरतीचा जवळच्या अमावास्या-पौर्णिमेला. मुख्याध्यापकांनी त्यासाठी भूगोल आणि विज्ञानाची लागोपाठ एक जोडतासिका द्यावी. 18 ते 26 डिसेंबर या काळात सूर्य फारसा सरकत नाही, तेव्हा त्यातला कुठलाही एक दिवस चालेल. मात्र पेण आणि रोहा दोन्हीकडे तो एकच असावा. काठी एक मीटरची, पुठ्ठ्याचे भोक पाच मिलिमीटरचे, नोंदी 12.20 पासून 12.55 पर्यंत दर पाच मिनिटांनी. त्याच रात्री आठ वाजता मुलांनी आपापल्या अंगणातून कृत्तिकेतले तारे मोजावेत. धाटावच्या आणि महामार्गाच्या दिव्यांजवळ किती दिसतात आणि वाडीवर किती, याचा नकाशा आपोआप तयार होईल. नोंदी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही तालुक्यांनी एकमेकांना पाठवाव्यात आणि पृथ्वीचा परीघ मुलांनीच काढावा. जे उत्तर येईल ते तसेच, न सुधारता, शाळेच्या फलकावर लिहावे. आज दुपारच्या सत्रात दिवस ठरवू आणि प्रत्येक शाळेतून एका शिक्षकाचे नाव घेऊ. पहिल्या नावनोंदणीसाठी कागद इथे व्यासपीठावर ठेवला आहे.