एंजल गोड्या पाण्यातला की खाऱ्या?

शोभेच्या माशांचं काम करणाऱ्या, करू पाहणाऱ्या गटांसाठी आज आमची एक चूक सांगतो.

आमच्या टाक्यांत गप्पी, मॉली आणि एंजल असतात. हा एंजल गोड्या पाण्यातला, मूळचा ॲमेझॉन नदीचा; चपटा, वर-खाली लांब पर असलेला. एका गिऱ्हाइकाने निळा एंजल मागितला. आम्ही शहरातल्या दुकानातून दोन आणले: गडद निळे, अंगावर पांढरी वर्तुळं. विहिरीच्या पाण्यात सोडले. संध्याकाळपर्यंत दोन्ही गेले. पैसे गटाचे होते, त्यामुळे पुढच्या बैठकीत कुणी कुणाकडे बघेना.

ते होते समुद्रातले एंजल. दोघांची नुसती नावं सारखी, कूळ वेगळं. समुद्री मासा गोड्या पाण्यात टाकला की पाणी त्याच्या अंगात शिरत राहतं, मीठ बाहेर जातं. (पिशवीतलं पाणी नुसतं जिभेला लावलं असतं तरी कळलं असतं. आणि आम्ही राहतो समुद्राकाठी!)

ओळख सोपी आहे. समुद्री एंजलच्या गालावर, कल्ल्याच्या झाकणाखाली, मागे वळलेला टोकदार काटा असतो. तसाच दिसणाऱ्या फुलपाखरू माशाला तो नसतो. हा काटा जाळीत अडकतो, म्हणून मासा भांड्याने उचलावा. रंगावर मात्र जाऊ नका. आम्ही आणलेली पिल्लं एम्परर एंजलची होती. मोठा झाला की त्याची वर्तुळं जातात, अंगभर पिवळे-निळे पट्टे येतात आणि तो 40 सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे जवळपास हातभर वाढतो. दिवाणखान्यातल्या छोट्या टाकीत तो मावायचा नाही.

कुणाला ठेवायचाच असेल तर कोरल ब्यूटीसारखा बोटभर जातीचा बघावा. त्यालाही दोनशे-अडीचशे लिटरची टाकी, लपायला दगड आणि समुद्री मिठाचं पाणी लागतं. लिटरला साधारण 35 ग्रॅम. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. टाकी महिना-दीड महिना आधी चालू करून मगच मासा सोडावा. दुकानात तो आपल्यासमोर खातो का, तेही बघावं. न खाणारा कितीही देखणा असला तरी घेऊ नये. एका टाकीत दोन एंजल ठेवले तर बहुधा भांडतात.

आमच्या मते गटाने या भानगडीत पडू नये. गोड्या पाण्यातला एंजल आपल्याकडे अंडी घालतो, पिल्लं विकता येतात. समुद्री एंजल बहुतेक प्रवाळातून पकडूनच आणतात.

त्या गिऱ्हाइकाला शेवटी काळ्या एंजलची जोडी दिली. दोन माशांचे पैसे मात्र अजून भरून निघायचेत.