औषध पोटात, परिणाम मुखात

(अमडापूर, ता. चिखली, जि. बुलढाणा येथील आरोग्य प्रबोधन कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी वैद्य नाही, पत्रकार आहे. घरात जे अनुभवले आणि जाणकारांकडून जे समजून घेतले, तेवढेच आपल्यासमोर मांडतो.

माझ्या मातोश्रींना रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी सुरू होती. काही महिन्यांनी त्यांच्या हिरड्या सुजून दातांवर चढू लागल्या. आम्ही मंजने बदलली, मिठाच्या गुळण्या करविल्या, गुण येईना. अखेर दंतवैद्यांनी विचारले, "आई कोणत्या गोळ्या घेतात?" हा प्रश्न आम्हाला कधी सुचलाच नव्हता! डॉक्टरांनी औषध बदलले, दंतवैद्यांनी दात स्वच्छ केले आणि सूज हळूहळू ओसरली.

अपस्मारावरील फेनिटॉइनमुळेही हिरड्या वाढतात. हे वैद्यकविश्वाला १९३९ पासून ठाऊक आहे. अ‍ॅलर्जी व नैराश्यावरील अनेक औषधे, तसेच लघवी वाढविणाऱ्या गोळ्या तोंड कोरडे पाडतात. लाळ ही दातांची रक्षक. ती अन्नकण धुते, आम्लाची तीव्रता घटविते. ती आटली की कीड झपाट्याने पसरते. दम्याचा स्टिरॉइडयुक्त फवारा घेऊन चूळ न भरल्यास तोंडात पांढरी बुरशी धरते. हाडांच्या ठिसूळपणावरील बिस्फॉस्फोनेट घेणाऱ्यांपैकी काहींच्या जबड्याची जखम दात काढल्यावर भरून येत नाही. गर्भवती माता आणि आठ वर्षांखालील बालकांना टेट्रासायक्लीन दिल्यास मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात.

आपल्या पूर्वजांनी दंतधावन आणि गंडूष यांना दिनचर्येत स्थान दिले, कारण मुख हे शरीराचे द्वार आहे. तो वारसा आचरणात हवा, केवळ अभिमानात नव्हे.

मात्र हे ऐकून कोणीही आपल्या मनाने गोळी बंद करू नये. अपस्माराचे वा रक्तदाबाचे औषध अचानक थांबविणे प्राणावर बेतू शकते. इथला माणूस रक्तदाब तपासायला चिखलीला जातो, दात दाखवायला बुलढाण्याला. या दोन वैद्यांची भेट होत नाही. त्यांच्यातील दूत रुग्णच असतो. म्हणून चालू औषधांची यादी कागदावर लिहून दोघांनाही दाखवावी.

संपर्कासाठी घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्यांना माझी एकच विनंती आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांजवळ दहा मिनिटे बसा आणि त्यांची ही यादी लिहून द्या. सेवा याहून वेगळी नसते.