डोक्याला मार लागतो तेव्हा

(मल्लेश्वरम येथील गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दरवर्षी मी या मंडपाच्या मागच्या बाजूला असतो. वायरिंग, जनरेटर, स्टेजच्या फळ्या हे माझं खातं. यंदा कार्यकारिणीने मला पुढे आणून माइकसमोर उभं केलंय. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. मिरजेत डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि तेव्हापासून रूळ, खडी आणि स्लीपर यांच्यातच आहे. त्यामुळे बोलण्यात काही उणं-अधिक झालं तर सांभाळून घ्या.

विषय निघाला तो अमेरिकेतल्या भाच्यामुळे. तो सांगत होता, तिकडच्या राज्यांच्या विधिमंडळांत दोन गोष्टी चर्चेला येतात. एक, मेंदूला झालेल्या इजेबद्दल लोकांना जागं करणं. दुसरी, हवाई रुग्णवाहिकेचं सदस्यत्व विकणाऱ्या कंपन्यांना नियम लावणं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गप्प बसलो. सौ.ने विचारलं, काय झालं? म्हटलं, मेटची आठवण आली.

मेट म्हणजे आमच्या गँगचा मुकादम. सोळा-सतरा माणसं, त्यांच्या कुदळी, पहारी, जॅक, सगळं त्याच्या ताब्यात. हे मेट माझ्याहून वयाने मोठे. नाव सांगत नाही, पण हकीकत त्यांना आणि त्यांच्या पत्नीला विचारूनच सांगतो आहे.

२०१८ चा पावसाळा. यशवंतपूरला काम संपलं, बस मिळेना, म्हणून मी त्यांना माझ्या स्कूटरवर मागे बसवलं. माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं, त्यांच्या नव्हतं. कर्नाटकात मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं झालं ते जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे नियम मला चांगला ठाऊक होता. पण म्हटलं, एवढ्याशा अंतराला काय होतंय! पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही. वेग वीसच्या आसपास असेल. दोघेही पडलो. माझा गुडघा सोलला. ते कानाच्या वर, बाजूने आपटले. दोन-तीन क्षण डोळे मिटले, मग स्वतःच उठून बसले. म्हणाले, "एनू आगिल्ला सार." काही झालं नाही. कपडे झटकले, टपरीवर चहा घेतला, दुसऱ्या दिवशी कुणाची रजा आहे तेही सांगितलं. मी त्यांना घरी सोडलं आणि माझ्या गुडघ्यावर हळद लावून जेवायला बसलो.

रात्री साडेदहाला त्यांच्या पत्नीचा फोन आला. दोन उलट्या झाल्या होत्या, जीभ जड झाली होती आणि हाक मारली तर नुसतं हुं म्हणत होते.

पुढे डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. कानाच्या वरचं कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटते. रक्त थेंब थेंब साठत राहतं. कवटी हा बंद डबा, तिला फुगायला जागा नाही, म्हणून दाब येतो तो मेंदूवर. पण गुठळी मोठी होईपर्यंत मधला काही काळ माणूस अगदी शहाण्यासारखा बोलतो. तो काळ काही मिनिटांचाही असतो, काही तासांचाही. पावसाळ्यात आम्ही रुळावर रात्रीची गस्त ठेवतो ती याचसाठी. वरून रूळ सरळ दिसतो, खालची खडी वाहून गेलेली असते. वीस वर्षं हे मी माझ्या माणसांना शिकवत आलो, आणि त्या संध्याकाळी टपरीवर चहा पाजून मोकळा झालो.

आम्ही आधी जवळच्या एका खाजगी रुग्णालयात गेलो. काउंटरवर सांगण्यात आलं, अपघाताची केस आहे, पोलिसांची चिठ्ठी आणा, आगाऊ रक्कम भरा. यात पाऊण तास गेला. आज तसं कुणी म्हटलं तर मी काउंटरवरून हलणार नाही. आधी उपचार, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवलंय. पण त्या रात्री मला ते माहीत नव्हतं. काउंटरवरच्या मुलालाही नसावं. शेवटी निमहान्स गाठलं. मल्लेश्वरमहून दहा-अकरा किलोमीटर, रात्रीची वेळ म्हणून रस्ता मोकळा मिळाला. पहाटे ऑपरेशन झालं आणि मेट वाचले.

आता त्या काउंटरविषयी थोडं, कारण आपल्यापैकी पुष्कळजण रस्त्यावर पडलेला माणूस पाहून पोलिसांच्या भीतीने पुढे जातात. फेब्रुवारी २०१६ मध्ये इथून जवळच, नेलमंगलच्या रस्त्यावर एका तरुणाच्या शरीराचे अपघातात दोन तुकडे झाले. त्या अवस्थेत त्याने माझे अवयव दान करा असं सांगितलं आणि त्याचे डोळे दिले गेले. त्याच्या नावाने राज्य सरकारने त्याच वर्षी सांत्वन हरीश योजना आणली. अपघातग्रस्त कोणीही असो, पहिल्या ४८ तासांत २५ हजारांपर्यंतचा उपचार विनामूल्य. त्याच वर्षी ३० मार्चला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचनांना कायद्याचं बळ दिलं. आपल्या विधिमंडळाने तर यासाठी वेगळा कायदाच केला, आणि २०१८ मध्ये त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही १३४-अ हे कलम आलं. जखमीला नेऊन पोहोचवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी बालंट येत नाही. त्याच दुरुस्तीत 'गोल्डन अवर'ची व्याख्याही आहे, इजा झाल्यानंतरचा पहिला एक तास. आणि मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोकडविरहित उपचाराची योजना लागू केली. म्हणजे लोकप्रतिनिधींनी काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही.

हेल्मेटबद्दल मी जास्त बोलत नाही. सभेत पुण्याचे पाहुणे बसलेत आणि मला सुखरूप घरी जायचंय! जानेवारी २०१९ मध्ये तिथे सक्ती सुरू झाली तेव्हा हेल्मेटविरोधी कृती समिती रस्त्यावर उतरली होती, हे इथल्या माझ्या कानडी सहकाऱ्यांना आजही खरं वाटत नाही. एवढंच सांगतो, टोपीसारखं अर्धं हेल्मेट घालू नका आणि पट्टा लावा. मेट आपटले ती जागा अर्ध्या हेल्मेटमध्ये उघडीच राहते.

दुसरा विषय विमानाचा. मेटच्या प्रकारानंतर काही महिन्यांनी एक विक्रेता आमच्या बिल्डिंगमध्ये आला. वर्षाला अमुक रक्कम भरा, कुटुंबातल्या कुणालाही, कुठूनही, विमानाने हव्या त्या रुग्णालयात. मी धसका घेतलेला माणूस, आईवडील मिरजेला. सही करायला पेन काढलं. वडिलांना फोन केला तर ते म्हणाले, "अरे, मिरजेत सगळे डॉक्टर भरलेत. मला विमान कशाला? रात्री दोनला रिक्षा कोण आणेल ते बघ." पेन परत खिशात गेलं.

मग मी जरा चौकशी केली. अमेरिकेत अशी सदस्यत्वं फार खपतात, कारण तिथे हेलिकॉप्टरच्या एका फेरीचं बिल घर विकायला लावतं. पण तिथेही वाद झाले. हा विमा की नुसतं कार्ड? बोलावल्यावर त्याच कंपनीचं विमान येईल याची हमी काय? नॉर्थ डकोटा राज्याने २०१७ मध्ये हवाई रुग्णवाहिकांच्या सदस्यत्व विक्रीवर बंदी घातली, आणि २०२१ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने ती रद्द ठरवली. कारण १९७८ चा विमान कंपन्यांना मोकळीक देणारा एक कायदा! रुग्णवाहिकेला पंख असले की ती विमान कंपनी ठरते. अखेर १ जानेवारी २०२२ पासून केंद्रीय कायद्यानेच विमाधारकाला अशा अचानक येणाऱ्या बिलांपासून आडोसा दिला. गंमत म्हणजे रस्त्यावरची रुग्णवाहिका त्यातून वगळली.

आपल्याकडेही कोणी असं कार्ड घेऊन आलं, तर आधी विचारा, विमान कुणाचं आणि त्या कंपनीकडे डीजीसीएचा परवाना आहे का. हा विमा असेल तर विमा प्राधिकरणाची नोंद दाखवा म्हणावं. तुमच्या आरोग्य विम्यात हवाई रुग्णवाहिकेचं कलम आधीच असू शकतं, ते वाचा, त्यावरची मर्यादाही वाचा. लांबच्या गावाहून मोठ्या शहरात रुग्ण हलवायला विमान देवासारखं धावून येतं, मी त्याची थट्टा करत नाही. पण विमान मंडपाच्या दारात उतरत नाही. विमानतळापासून रुग्णालयापर्यंत पुन्हा आपला बेंगळुरूचा रस्ताच आहे. शिवाय कवटीच्या आत हवा शिरली असेल तर उंचीवर ती फुगते, म्हणून डॉक्टर कधीकधी विमान खालून न्यायला किंवा थांबायला सांगतात. पहिल्या तासात कामाला येतो तो १०८ नंबर. कर्नाटकात ही सेवा २००८ पासून आहे.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. कारण यात सायरन आहे, घाई आहे, जीव वाचल्याची बातमी आहे. मला खरं बोलायचंय ते नंतरच्या दिवसांबद्दल.

मेट चार महिन्यांनी कामावर आले. केस वाढले होते, टाक्यांची खूण दिसत नव्हती. सगळ्यांनी हार घातला. आठवड्याभरात कुरबुरी सुरू झाल्या. ज्या माणसाने कधी आवाज चढवला नव्हता तो पहार फेकायला लागला. सकाळी दिलेलं काम दुपारी विसरायचा. मालगाडी शेजारून गेली की दोन्ही हात कानांवर. गँगमध्ये कुजबुज सुरू झाली, हलकं काम मिळावं म्हणून नाटक चाललंय. खोटं कशाला सांगू, एका क्षणी मलाही तसंच वाटलं. घरी त्यांच्या पत्नीने सांगितलं, दूध करपलं तरी यांना वास येत नाही, आणि मुलगा समोर आला की घाबरून आत पळतो.

मी निमहान्समध्ये त्यांच्याबरोबर तपासणीला गेलो तेव्हा कळलं की यातलं काहीच नाटक नाही. वास जाणं, विसरणं, आवाज सहन न होणं, क्षणात संताप, लवकर थकणं, हे सगळं त्या मारामुळेच. हात मोडला तर प्लास्टर दिसतं, इथे दिसायला काही नाही. एखाद्या ठिकाणी गाडी घसरली की रूळ जोडल्यावर आम्ही लगेच पूर्ण वेग देत नाही, कॉशन ऑर्डर काढतो आणि हळूहळू वेग वाढवतो. माणसाला मात्र हार घालून पहिल्याच दिवशी पूर्ण वेगाने सोडलं.

रेल्वेच्या नियमांत मेडिकल डी-कॅटेगरायझेशन आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी खात्याने माणसाला काढू नये, त्याचा दर्जा उतरवू नये, असं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० सांगतं. त्याच्या आधारे मेटना स्टोअरमध्ये, शांत जागी काम मिळालं. पण कागद करताना अडचण आली. त्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, आम्लहल्ल्याचे बळी आहेत, आणि ते असायलाच हवेत. मेंदूला मार लागून झालेल्या इजेचं स्वतंत्र नाव त्यात नाही. हात लुळा पडला असेल तर चलनवलन, वाचा गेली असेल तर वाचा, अशा दुसऱ्याच कुठल्या तरी रकान्यात त्याला बसवावं लागतं. ज्याचं फक्त डोकं पूर्वीसारखं राहिलं नाही, त्याने कुठल्या रकान्यात बसायचं? अमेरिकेने या इजेसाठी १९९६ सालीच वेगळा कायदा केला. आपण हेल्मेटसाठी कायदा केला, मदत करणाऱ्यासाठी केला, उपचाराच्या पैशांची सोय केली. वाचून घरी आलेल्या माणसाचं नाव लिहायचं राहिलं.

आपले आमदार दरवर्षी आरतीला येतात. आपण नारळ देतो, शाल देतो, फोटो काढतो. यंदा त्यांच्या हातात एक कागदही द्यावा असं मी कार्यकारिणीला सुचवलंय. यादी केंद्राच्या हातात आहे, पण राज्य शिफारस करू शकतं. आणि डोक्याच्या मारानंतर घरी सोडताना प्रत्येक रुग्णालयाने सोप्या कानडीत एक पान द्यावं, एवढं तर इथल्या इथे होऊ शकतं. वाढती डोकेदुखी, उलटी, गुंगी, बोबडी वळणं, एक बाहुली मोठी दिसणं, आकडी, यातलं काही दिसलं तर लगेच परत या, आणि पुढच्या महिन्यांत स्वभावात काय फरक पडू शकतो. मेटच्या पत्नीला तसं पान मिळालं असतं तर त्यांनी दोन वर्षं मारुतीला तेल घातलं नसतं. तेलाला माझी ना नाही, पण बरोबर पानही हवं होतं. ज्येष्ठांच्या घरी हे पान भिंतीवरच लावा, कारण न्हाणीघरात पडल्यावर साठलेलं रक्त काही आठवड्यांनीही त्रास देतं, विशेषतः रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर.

मेट आज इथे यायचे होते. दारात ढोल-ताशा ऐकून दोघे परत गेले, मी वरून पाहिलं. मघाशी अध्यक्षांशी बोललो. उद्या सकाळी सातची आरती लाउडस्पीकर आणि झांजांशिवाय होईल, नुसत्या टाळ्यांवर. ते दोघे येणार आहेत, मुलगाही येणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी या, आणि फटाके घरी ठेवून या.