शून्याची किंमत

बाहेरगावाहून डोंबिवलीला दूरध्वनी करायचा तर आधी ०२५१ लावावं लागतं. यातलं पहिलं शून्य गळालं तर काय होतं, ते ऐका.

माझ्या एका विद्यार्थ्याने, रुग्णांची नावं व दूरध्वनी क्रमांक एका दवाखान्याच्या संगणकाकडे धाडणारा प्रोग्राम लिहिला. असा मजकूर बहुधा ‘जेसन’ नावाच्या साच्यात पाठवतात. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास रूढ केलेला हा साचा मोठा काटेकोर! शब्द दुहेरी अवतरणात हवेत, शेवटच्या नोंदीनंतर स्वल्पविराम नको, आणि संख्येच्या आरंभी जादा शून्य तर मुळीच नको. याने ०२५१ उघडंच लिहिलं. उत्तर आलं, ‘४००’. म्हणजे विनंतीतच दोष.

मग पठ्ठ्याने शून्यच खोडलं. मजकूर बिनबोभाट स्वीकारला गेला! पण दवाखान्यातून फोन लागेना. कल्याणच्या एका आजीबाईंना तपासणीचा निरोप पोचलाच नाही.

दूरध्वनी क्रमांकाची का कुणी बेरीज करतो? ती संख्या नव्हे, ते नाव आहे. त्याला अवतरणातच ठेवावं. दुसरं असं, की मजकूर हाताने जोडू नये. पत्त्यात एखादं अवतरणचिन्ह आलं की साचा तिथेच मोडतो. पायथन, जावास्क्रिप्ट या भाषांतली तयार साधनं अशी चिन्हं सांभाळून घेतात.

मात्र ती साधनं व्याकरण सांभाळतील. शून्यामागचं माणूस आपणच सांभाळायचं.