लेकराचं दुखणं आणि ट्रंकेतलं कार्ड
(वाघोली येथे प्रौढ वर्गातील मंडळींपुढे केलेलं भाषण)



दिवसभर राबून तुम्ही इथं आलात. कुणी दगडखाणीवरून आलं, कुणी बांधकामावरून, कुणी शेतातून. तेव्हा आम्ही फार वेळ घेणार नाही. पण जे सांगू, ते घरी जाऊन आणखी चार जणांना सांगा.

आम्ही सात वर्षांचे होतो, तेव्हाची गोष्ट. आमची धाकटी बहीण दीड वर्षाची होती. तिला हगवण लागली. घरातली जाणती माणसं म्हणाली, "पोरीला पाणी देऊ नका. पाणी दिलं की जुलाब वाढतात." सर्वांनी ऐकलं. पोर पाण्यासाठी रडत होती. आम्ही कोपऱ्यात बसून पाण्याच्या तांब्याकडे बघत होतो. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे खोल गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. तिच्यावर सर्वांची माया होती. पण कुणाला ठाऊक नव्हतं. पुढं आम्ही मास्तर झालो, हेडमास्तर झालो, निवृत्तही झालो. तो तांब्या मात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही. जुलाबात लेकरू दगावतं, ते अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळं. ते परत भरावं लागतं. 1971 साली लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव इथल्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवलं आणि ते पाणी रोग्यांना तोंडानं पाजायला लावलं. पाजणारे होते रोग्यांचे नातेवाईक. आधी शंभरातले तीसएक रोगी मरत होते. ते प्रमाण चाराच्याही खाली आलं.

तेच औषध आज ओआरएसच्या पुडीत मिळतं. आशाताईंकडे मिळतं, आरोग्य केंद्रात मिळतं. ती किती पाण्यात घालायची, हे पुडीवर छापलेलं असतं. तुम्ही आता वाचायला शिकलात. ते वाचा. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी घ्या. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मीठ जास्त पडू देऊ नका. घोटघोट पाजत राहा. उरलेलं दुसऱ्या दिवशी फेकून द्या. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका. झिंकच्या गोळ्या मिळाल्या तर जुलाब थांबले तरी पूर्ण 14 दिवस द्या. आणि शौचात रक्त दिसलं, पोर पीत नसलं, मलूल पडलं, तर घरी थांबू नका. दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवलं आणि घरोघरच्या तान्ह्या बाळांची काळजी त्यांच्या हाती दिली. 39 गावांत हे काम चाललं. तिथं नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. हा वृत्तांत 1999 साली विलायतेतल्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. जास्त शिकलेल्या बाया होत्या असं नाही. पण त्यांना मोजता येत होतं, आणि काय मोजायचं ते ठाऊक होतं.

तुम्हीही मोजा. खोकला झालेलं लेकरू शांत असताना त्याचं पोट बघा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास 60 किंवा जास्त भरले, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या पोराचे 40 किंवा जास्त भरले, तर तो न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना छातीची खालची बाजू आत ओढली जात असेल, तर दुखणं फारच जड आहे. अंगारा लावत बसू नका. 108 या आकड्यावर फोन करा. रुग्णवाहिका येते, तिला पैसे पडत नाहीत.

तिसरी गोष्ट दुखणं येऊच नये म्हणून. आपल्या वाघोलीत टँकरचं पाणी पिणारी घरं पुष्कळ. ते पाणी उकळा, झाकून ठेवा, दांड्याच्या ओगराळ्यानं काढा. स्वयंपाकाआधी आणि शौचानंतर हात साबणानं धुवा. बाळाला जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्या. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, पाणीसुद्धा नको. लस चुकवू नका. जन्मल्याबरोबर, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी, मग नऊ महिने पुरे झाल्यावर, पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास. हे सारं माता-बाल कार्डावर लिहिलेलं असतं. देशात शेवटचा पोलिओ 2011 च्या जानेवारीत आढळला. तो लसीनंच गेला, आपोआप गेला नाही.

आता चौथी गोष्ट. ती पैशाची आहे.

आमच्या ओळखीचं एक कुटुंब खाणीवर कामाला होतं. एका रात्री त्यांचं दोन वर्षांचं पोर धापा टाकू लागलं. जवळच्या दवाखान्यात नेलं, तर "आधी पैसे भरा" म्हणाले. बाईनं गळ्यातलं डोरलं गहाण टाकलं, वर मुकादमाकडून उचल घेतली. पोर वाचलं. पण कर्ज फेडायला तीन वर्षं गेली, आणि थोरली मुलगी शाळेतून निघाली ती निघालीच. पुढं आम्ही विचारलं, "रेशनकार्ड आहे का?" होतं. केशरी कार्ड, ट्रंकेत कपड्यांखाली. त्यात त्या पोराचं नाव घातलंच नव्हतं. बाप म्हणाला, "गुरुजी, कार्ड तर धान्यासाठी असतंय ना?"

नाही, मंडळी. ते दुखण्यासाठीही आहे. पण त्या रात्री कार्डाची आठवण काढून चौकशी करणंसुद्धा कुणाला सुचलं नाही.

विमा म्हणजे काय, ते आधी सांगतो. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. 1980 नंतरच्या वर्षांत तिथं आसपासच्या गावांनी एक रीत धरली. सुगी झाली की घरटी थोडी थोडी ज्वारी जमा करायची. मग घरात कुणी आजारी पडलं तर रुग्णालयानं उपचार करायचे. सगळी घरं काही एका वर्षी आजारी पडत नाहीत. पुष्कळांनी थोडं थोडं घातलं, म्हणजे ज्याच्यावर वेळ येते त्याचं निभावतं. विमा म्हणजे एवढंच.

आज महाराष्ट्रात हा भार आपल्यासाठी सरकार उचलतं. ही योजना 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, 2013 च्या नोव्हेंबरात सगळ्या राज्यात आली. तिचं नाव आता महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. आयुष्मान भारत योजना तिला जोडलेली आहे. 1 जुलै 2024 पासून पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं. एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात.

पण नीट समजून घ्या. साध्या सर्दी-पडशाला ही योजना नाही. दवाखान्यात दाखल व्हावं लागतं, दुखणं यादीतलं असावं लागतं, आणि दवाखानाही योजनेतला असावा लागतो. पुण्यातलं ससून रुग्णालय योजनेत आहे, काही खाजगी दवाखानेही आहेत. अशा दवाखान्यात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो. डॉक्टरच्या खोलीआधी त्याला गाठा. रेशनकार्ड आणि आधार दाखवा. वेळ तातडीची असेल तर फोनवरून मंजुरी मिळण्याची सोय आहे. कागद मागाहून आणून देता येतात. तुमचं कार्ड बीडचं असो की लातूरचं, ते महाराष्ट्रात सगळीकडे चालतं. कुणी अडवलं तर 155388 किंवा 1800 233 2200 या आकड्यांवर विचारा.

किरकोळ दुखण्याला सरकारी आरोग्य केंद्र आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासायला डॉक्टर येतात. त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नका. हृदयाला छिद्र, फाटलेला ओठ अशी दुखणी त्या तपासणीत सापडतात, आणि शस्त्रक्रियेची सोय होते.

शेवटी एकच काम सांगतो. आज घरी गेल्यावर ट्रंक उघडा. रेशनकार्ड बाहेर काढा. त्यावरची नावं स्वतः मोठ्यानं वाचा. एखादं लेकरू राहिलं असेल तर त्याचा जन्माचा दाखला घेऊन रेशन कचेरीत जा. एक दिवसाची मजुरी बुडेल, बुडू द्या. मग ते कार्ड, आधार आणि माता-बाल कार्ड एका पिशवीत घाला आणि ती पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगा. रात्री-अपरात्री धावावं लागलं तर हात थेट तिथं गेला पाहिजे.

विमा दवाखान्याचं बिल भरतो. पाणी पाजणं, श्वास मोजणं आणि वेळेवर निघणं हे मात्र आईबापांनाच करावं लागतं. आमच्या घरात तेव्हा हे कुणाला ठाऊक नव्हतं. तुम्हाला आता ठाऊक झालं.

राम राम.