तोंड आधी, आवाज मागून



१९९४ साली अकोल्याला माझ्या मावसबहिणीचं लग्न झालं. तेव्हाच्या रीतीप्रमाणे शूटिंगवाला आला, सोबत फोकस धरणारा पोरगा, आणि तीन तासांची व्हीएचएस कॅसेट तयार झाली. गेल्या दिवाळीत ती अमरावतीच्या एका दुकानातून पेन ड्राइव्हवर उतरवून आणली आणि सगळे बघायला बसलो. मंगलाष्टकं झकास! ‘सावधान’ म्हटलं की अक्षता पडत होत्या. पंगतीत मात्र वाढप्याचा आवाज त्याच्या मागे राहू लागला. बिदाईला तर नवरी गाडीत बसून निघून गेली, मग तिचं रडणं ऐकू आलं. मावशी म्हणाली, "माय वो, तोंड आंधी हालते अन् आवाज मांगून येते!"

मावशीने निदान केलं, आता कारण बघू. आपल्याकडच्या कॅसेटवर सेकंदाला २५ चित्रं असतात. फीत जुनी, चुरगळलेली असली की ती उतरवून घेताना कॉम्प्युटरच्या हातून मधली काही चित्रं निसटतात. आवाज मात्र सलग उतरत राहतो. ५० चित्रं गळाली की चित्र दोन सेकंद पुढे पळालं, आवाज तिथेच मागे. आमची बिदाई बिघडली ती अशी.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी एवढंच तपासा: अंतर पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखं आहे, की वाढत जातंय? त्यासाठी बोलणारे ओठ बघू नका, आपटणारी वस्तू शोधा. टाळी, फटाका, ताशावरची काडी. भजनाचं चित्रीकरण असेल तर खंजिरीवर पडणारी थाप. तिच्याइतका चोख साक्षीदार नाही. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, अशा तीन ठिकाणी बघा.

अंतर सारखं असेल तर काम सोपं. व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘जे’ कळ दाबली की आवाज सेकंदाचा विसावा हिस्सा अलीकडे येतो, ‘के’ दाबली की तेवढाच पलीकडे जातो. फाइल मात्र तशीच राहते. ती कायमची सुधारायची तर एडिटिंगमध्ये आवाजाची पट्टी तेवढीच सरकवायची.

अंतर वाढत असेल तर सरकवून काही होत नाही. मंगलाष्टकं जुळवली की बिदाई बिघडते, बिदाई जुळवली की मंगलाष्टकं. तिथे आवाज किंचित आवळावा लागतो. ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये सूर न बदलता लय बदलता येते. तासाभरात दोन सेकंद कमी केले तर कानाला पत्ताही लागत नाही. पण चित्रं काही मोजूनमापून गळत नाहीत, त्यामुळे तुकडे पाडून एकेक जुळवावा लागतो. माझं विचाराल तर सरळ कॅसेट पुन्हा उतरवून घ्यावी, व्हीसीआरचं हेड साफ करून.

मोबाइलवरच्या चित्रीकरणाचं दुखणं वेगळं. उजेड कमी झाला की फोन सेकंदाला कमी चित्रं घेतो, आणि एडिटिंगचा प्रोग्राम समजतो की ती पहिल्यापासून सारखीच आहेत. अशी फाइल आधी हँडब्रेकमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून काढावी, मगच कापाकापी करावी.

आणि फार काटेकोरपणाही नको. शिवारात शंभर मीटरवर कोणी लाकूड फोडत असेल तर कुऱ्हाड पडलेली आधी दिसते, ठोका पाव सेकंदाहून थोडा उशिरा येतो. मागून येणाऱ्या आवाजाची आपल्याला जन्मापासून सवय आहे. म्हणूनच टीव्हीवर आवाज सेकंदाच्या आठव्या हिश्श्याइतका मागे पडेपर्यंत तो सहसा जाणवत नाही. पण तो चित्राच्या पुढे गेला, तर याच्या निम्म्याहून कमी फरकही खटकतो. रेडिओचं बरं आहे, माझे ओठ तुम्हाला दिसतच नाहीत!

आमची कॅसेट मावशीने जपून ठेवली होती म्हणून ती दुसऱ्यांदा उतरवता आली. आता बहीण रडते आणि मग गाडी निघते. नवे व्हीसीआर बनवणं २०१६ सालीच थांबलं. जे चालू आहेत ते जुनेच. तेव्हा पेन ड्राइव्ह हातात आला म्हणून कॅसेट लगेच भंगारवाल्याला देऊ नका. फाइल आधी शेवटपर्यंत बघा, बिदाईपर्यंत.